टाकव्याच्या ओढ्यांची मोजणी करा

पुणे जिल्ह्यातल्या मावळातलं टाकवे बुद्रुक आज ना उद्या शहर होणार, यावर वाद घालण्यात आता अर्थ नाही. कान्हे फाट्यावरून आत वळलं, रेल्वे ओलांडली, इंद्रायणीवरचा पूल पार केला की कारखान्यांच्या शेड दिसायला लागतात. शिफ्ट सुटली की रस्ता दुचाक्यांनी भरतो. भाड्याच्या खोल्या, खानावळी, हार्डवेअरची दुकानं, मोबाइलवाले, दवाखाने, सगळं रस्त्याला लागून उभं राहतंय. वर खांडीपासून अख्ख्या आंदर मावळाचा राबता याच रस्त्यावर असतो. जिथं पगार होतो आणि जिथून गाडी सुटते, तिथं बाजारपेठ होतेच. ती कुणाला विचारून होत नाही.

पण ती कुठं उभी राहावी हे विचारून ठरवता येतं. ते ठरवायची वेळ आत्ताची आहे. दहा वर्षांनी हेच काम करायला बुलडोझर, पोलीस बंदोबस्त आणि कोर्टाच्या तारखा लागतील.

मावळाचा पाऊस ज्याला कळला नाही त्यानं मावळात इमारत बांधू नये. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून पंचवीस-तीस किलोमीटर पूर्वेला तळेगावात येईपर्यंत तो जेमतेम तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर येतो. टाकवे या दोहोंच्या मधलं. म्हणजे टाकव्यात जे पाणी येतं त्यातलं बरंचसं टाकव्यात पडलेलं नसतं. ते कुरवंड्याच्या डोंगरात, खंडाळ्याच्या कड्यावर, कार्ला-मळवलीच्या माथ्यावर पडलेलं असतं. गावात रिमझिम असते, छत्री न उघडता माणूस दुकानात जातो, आणि नदी मात्र फुगत असते. त्यामुळं आभाळाकडं बघून पुराचा अंदाज बांधणारा माणूस इथं फसतो.

आणि ही झाली नदीची गोष्ट. नदी निदान वेळ देते. लोणावळा, मळवली, कामशेत अशी ती टप्प्याटप्प्यानं चढते, फोनवर फोन येतात, माणसं सावध होतात. ओढा वेळ देत नाही. मागच्या डोंगरउतारावर तासभर ढग फुटल्यासारखा पाऊस झाला की अर्ध्या तासात ओढा रस्त्यावर असतो. बाजारपेठ बुडते ती बहुतेक वेळा ओढ्यानं, आणि आपण सभा घेतो नदीवर. नदीचा पूर बातमीत येतो, ओढ्याचा पूर तळमजल्यातल्या दुकानदाराच्या उधारीच्या वहीत येतो.

आता एक हिशेब मांडतो. भाताच्या खाचराला बांध असतो. त्या बांधाच्या आत २० सेंटिमीटर पाणी उभं राहिलं, म्हणजे साधारण वीतभर, तर एका एकरात आठ लाख लिटर पाणी थांबतं. दहा हजार लिटरचे ऐंशी टँकर. हे फक्त एक एकर. पाऊस कोसळत असतो तेव्हा ते खाचर पाणी धरून ठेवतं, हळूहळू जमिनीत मुरवतं, उरलेलं बांधाच्या तोंडातून खालच्या खाचरात सोडतं. आंदर मावळाच्या उतारावर एकाखाली एक अशी खाचरं आहेत. हीच इथली पूरनियंत्रण यंत्रणा. ती कुठल्याही खात्यानं बांधली नाही, तिच्या देखभालीला कुणी निधी दिला नाही. दरवर्षी लावणीआधी शेतकरी बांध घालतो, चिखलणी करतो, तेव्हा तिची दुरुस्ती आपोआप होते. याच नदीचं नाव घेतलेला इंद्रायणी तांदूळ वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झाला आणि १९८७ साली शेतकऱ्यांच्या हाती आला. महाराष्ट्रभर तो वासानं ओळखतात. ज्या खाचरात तो पिकतो ते खाचर पुराचं पाणी धरतं, याचे पैसे मात्र शेतकऱ्याला कधी कुणी दिले नाहीत.

आता त्या एकरात प्लॉटिंग झालं. बांध गेले. मुरूम पडला, रोलर फिरला, सिमेंटचा रस्ता झाला, कंपाउंड झालं. ते आठ लाख लिटर आता थांबत नाहीत. ते त्याच तासात ओढ्यात येतात. दहा एकर गेले तर ऐंशी लाख लिटर. एवढं जास्तीचं पाणी ज्या ओढ्यात यायचं, तो ओढा त्याच वर्षी रुंद झाला का? उलट अरुंद झाला. कारण प्लॉट मोजताना ओढ्याच्या काठाचे पाच-दहा फूट कुणाच्या ना कुणाच्या प्लॉटात गेलेच.

हे कसं होतं ते जवळून बघायचं असेल तर मावळातल्या कुठल्याही वाढत्या गावात रस्त्याखालच्या मोरीजवळ उभं राहा. मूळचा ओढा दहा-पंधरा फूट रुंद. रस्ता करताना त्यात सिमेंटचे दोन नळे टाकले, वर मुरूम, वर डांबर. पहिली दोन वर्षं ठीक गेलं. मग नळ्याच्या तोंडाशी एक झावळी अडकली, तिला गोणपाट अडकलं, त्याला प्लॅस्टिकच्या पिशव्या, थर्माकोलच्या पत्रावळ्या, खानावळीचा खरकटा ढीग. एक नळा बंद. दुसरा अर्धा. पाणी मागं तुंबतं आणि रस्त्यावरून वाहायला लागतं. रस्त्यालगतचा दुकानदार शहाणा, तो पुढच्या उन्हाळ्यात दोन फूट भराव टाकून जोतं उचलतो. पाणी त्याच्याकडून शेजाऱ्याकडं जातं. शेजारी तीन फूट भराव टाकतो. पाच वर्षांत सगळी दुकानं उंचावर आणि जुनं गावठाण खड्ड्यात. ज्यांची घरं शंभर वर्षं कोरडी होती, त्यांच्या चुलीत पाणी शिरतं. गावठाणातली म्हातारी म्हणते, आमच्या जन्मात इथं कधी पाणी आलं नव्हतं. ती खरंच बोलत असते. पाणी तेवढंच होतं, त्याची वाट कुणीतरी विकली.

भराव हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा पूर आहे. त्याला परवानगी कोण देतं, तो रात्रीच का पडतो, आणि तो पडताना तलाठी, ग्रामसेवक, सदस्य या सगळ्यांची नजर नेमकी दुसरीकडं कशी असते, याचं उत्तर गावात सगळ्यांना ठाऊक आहे. मी इथं फक्त एवढंच म्हणतो की ओढ्यात भराव टाकणारा माणूस स्वतःच्या जमिनीत काही करत नाही. तो शेजाऱ्याच्या घरात पाणी सोडतो. त्याच्याशी त्याच नजरेनं बोललं पाहिजे.

पुणेकरांनी याची किंमत मोजली आहे. कात्रजच्या डोंगरातून निघून दांडेकर पुलाजवळून मुठेला मिळणारा आंबिल ओढा. पेशवाईत त्याच्यावर कात्रजचा तलाव झाला, पाणी नळानं पेठांमधल्या हौदांत आलं, ओढ्याचा प्रवाह वळवला गेला. म्हणजे पुणं वसलं ते या ओढ्याशी बोलणी करून. पुढं मात्र बोलणी बंद झाली. काठावर सोसायट्या आल्या, भिंती आल्या, पूल आले, वस्त्या आल्या. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री ओढ्यानं एका पावसात सगळं परत मागितलं. अरण्येश्वरला टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून माणसं गेली, गाड्या वाहून गेल्या, पुणे आणि परिसरात मिळून वीसहून अधिक जीव गेले. तो दिवस नदीच्या पुराचा नव्हता. नदीचा पूर कसा येतो याची तयारी करून बसलेल्या शहराला एका ओढ्यानं गाठलं.

त्यानंतर काय झालं तेही टाकव्यानं लक्षात ठेवावं. जून २०२१ मध्ये ऐन पावसाळ्याच्या तोंडावर दांडेकर पुलाजवळची घरं पाडायला यंत्रणा गेली. बायका-पोरं रस्त्यावर आली, आरडाओरड झाली, शेवटी न्यायालयाची स्थगिती आली. वाट मोकळी करायची वेळ आली की सगळ्यात आधी गरिबाचं घर दिसतं. टोलेजंग सोसायटीची ओढ्यात घुसलेली भिंत दिसायला वेळ लागतो. ओढा वेळेवर सांभाळला नाही तर शेवटी अन्यायच करावा लागतो, आणि तो नेहमी खालच्याच माणसावर होतो.

इंद्रायणीचंही उदाहरण हाताशी आहे. टाकव्याच्या खाली, चिखलीत, नदीच्या निळ्या पूररेषेत बंगले उभे राहिले. राष्ट्रीय हरित लवादानं पाडायचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयानं तो कायम ठेवला, आणि १७ मे २०२५ रोजी पिंपरी-चिंचवड महापालिकेनं ३६ बंगले जमीनदोस्त केले. त्यात आयुष्याची कमाई घातलेली कुटुंबं होती. त्यांना प्लॉट विकणाऱ्यानं नदी दाखवली, रेषा दाखवली नाही. आज मावळात ज्या जाहिराती लागतात, ‘रिव्हर टच’, ‘रिव्हर व्ह्यू’, त्या वाचताना हे ३६ बंगले डोळ्यापुढं आणा आणि मग टोकन द्या.

निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा. लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. हे ऐकून लोक निर्धास्त होतात, की पंचवीस वर्षांतून एकदा ना, बघू पुढचं पुढं. हिशेब तसा नाही. त्याचा अर्थ दरवर्षी चार टक्के शक्यता. वीस वर्षांच्या गृहकर्जाचे हप्ते भरेपर्यंत तसा पूर निदान एकदा घरात यायची शक्यता छप्पन्न टक्के होते. अर्ध्याहून जास्त. बँकेचा हप्ता आणि नदीचा हप्ता एकाच घरावर. हे गणित प्रत्येक नोंदणी कार्यालयाच्या भिंतीवर मराठीत लिहून लावायला हवं.

मग उपाय काय? उपाय म्हटला की आपल्याकडं भिंत येते. काठाला दोन्ही बाजूंनी भिंत, वर फरशी, दिवे, बाक, सेल्फी पॉइंट. पुण्यात मुळा-मुठेचा ४४ किलोमीटरचा नदीकाठ विकास प्रकल्प २०२२ पासून उभा राहतोय. पात्राची जागा घटेल, पूर वाढेल, असा आक्षेप पर्यावरणाचं काम करणारी मंडळी पहिल्यापासून घेत आली आहेत, आणि मला तो पटतो. २५ जुलै २०२४ ला पहाटे सिंहगड रस्त्यावरची एकतानगरी पाण्यात गेली. खडकवासला धरणातून विसर्ग ३५ हजार क्युसेकपर्यंत वाढला आणि लोक झोपेतून उठले ते पाण्यात. त्या पाण्याला जागा हवी होती. ज्या शहरात नदीला जागा कमी पडते हे उघड्या डोळ्यांनी दिसलं, तिथं काठावर जास्तीचं बांधकाम हा उपाय कसा होऊ शकतो?

आणि काठ सजवायचाच असेल तर आपल्याला परदेशाचा रस्ता धरायची गरज नाही. याच इंद्रायणीवर आळंदीचा घाट आहे. दरवर्षी पाऊस झाला की पाणी चढतं, पात्रातलं भक्त पुंडलिकाचं मंदिर पाण्याखाली जातं, पायऱ्या जातात. पाणी उतरतं, गाळ धुतात, आणि पुन्हा स्नान, पुन्हा भजन. बुडणार हे धरूनच बांधलेली वास्तू आहे ती. बुडाली तरी कुणाचा संसार बुडत नाही. आमच्या जुन्या गवंड्यांना हे कळत होतं की नदीकाठी अशीच गोष्ट बांधावी जी पाण्याखाली जाऊन परत वर येते.

तरीही परदेशाचं ऐकायचं असेल तर सोलचं ऐका. दक्षिण कोरियाच्या राजधानीत चॉन्गेचॉन नावाचा ओढा आहे. त्यावर आधी स्लॅब, मग उन्नत महामार्ग. शहरानं तो महामार्ग तोडला, स्लॅब काढला आणि २००५ साली जवळजवळ सहा किलोमीटरचा ओढा भर बाजारपेठेत पुन्हा उघडा केला. दोनशे वर्षांतून एकदा येणारा पूर वाहून जाईल एवढी जागा त्याला दिली. काठावरच्या व्यापाऱ्यांनी सुरुवातीला कडाडून विरोध केला होता. आज त्या ओढ्यामुळंच तिथं माणसं येतात. जोराचा पाऊस आला की खालची पायवाट बंद करतात, पाणी जाऊ देतात, मग उघडतात. सोलच्या या कामात एक खोट आहे, ओढ्यात पाणी हान नदीतून पंपानं आणावं लागतं, कारण त्याचं स्वतःचं पाणी शहरानं आधीच संपवलं. टाकव्याच्या ओढ्यांना अजून स्वतःचं पाणी आहे. सोलला जे अब्जावधी खर्चून अर्धंच मिळालं, ते आपल्याकडं आज फुकट आहे.

म्हणून माझं म्हणणं असं. टाकव्याची बाजारपेठ नदीकडं तोंड करून वसू द्या, पण नदीच्या अंगावर नको. काठाची खोलगट जमीन पक्क्या बांधकामातून कायमची बाजूला ठेवा. तिथं आठवडे बाजार भरवा. आठवडे बाजार ही आपल्याकडची सर्वांत शहाणी बाजारपेठ आहे. सकाळी पाल ठोकलं, संध्याकाळी काढलं. जुलैत नदीला जागा हवी झाली तर बाजार महिनाभर वर सरकतो, कुणाचं शटर वाकत नाही, कुणाचा माल कुजत नाही. उरलेल्या दिवशी तिथं पोरांचं क्रिकेट, जत्रेला कुस्त्यांचा आखाडा, सप्ताहाला मांडव. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई आहे, मैदान, बाग, शेती अशा खुल्या वापराला नाही. कायद्यानं आपल्याला मैदान आधीच देऊन ठेवलंय. ते प्लॉट म्हणून विकलं जायच्या आत घ्यायचं एवढंच.

मैदान केलं की माणसं येणार, आणि पावसाळ्यात मावळात माणसं कशी येतात ते सगळ्यांना माहीत आहे. १५ जून २०२५ ला, रविवारी, याच नदीवर खाली कुंडमळ्याला जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळला. चार जण गेले, पन्नासच्या आसपास जखमी झाले. नवा पूल मंजूर झालेला होता. मंजुरी फायलीत होती आणि माणसं पुलावर होती. काठ खुला करणाऱ्या ग्रामपंचायतीनं पहिल्या दिवसापासून दोन गोष्टी ठरवायला हव्यात: पाणी अमुक खुणेवर आलं की काठ बंद, आणि तो बंद करणारा माणूस कोण, त्याचं नाव. खांबावर लाल पट्टा मारायला शंभर रुपयांचा रंग लागतो.

सांडपाण्याचंही इथंच बोलून टाकतो. गावाची गटारं ओढ्यात सोडून नदीकाठचं सौंदर्य उभं राहत नाही. आळंदीला वारकरी फेसाळलेल्या पाण्यात उभे राहतात तो फेस आळंदीत तयार होत नाही. वरच्या प्रत्येक गावाचं आणि कारखान्याचं त्यात देणं आहे. खोल्या भाड्यानं देणाऱ्यांनी शोषखड्डे केले पाहिजेत आणि कंपन्यांनी आपलं पाणी आपल्या आवारात शुद्ध केलं पाहिजे. यात सवलत मागू नये.

विकास आराखडा येईल तेव्हा बघू, असं आता कुणीतरी म्हणेलच. पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, २०१५ साली स्थापन झाली, तिचा प्रारूप आराखडा २०२१ मध्ये जाहीर झाला, हजारो हरकती आल्या आणि तो पुढं रद्दच झाला. आराखडे येतात आणि जातात. मुरमाचे डंपर रोज येतात.

ओढ्याला आराखड्याची वाट बघावी लागत नाही. त्याची जागा आधीच नोंदलेली आहे. गावनकाशावर ओढे काढलेले आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम २०: नद्या, ओढे, नाले यांची पात्रं सरकारची. आणि जिथं ओढा खासगी गटातून जातो, तिथं तो सातबाऱ्यावर बहुधा पोटखराब ब म्हणून दाखवलेला सापडतो. ज्यांनी त्यावर भराव टाकलाय त्यांच्याकडं तो टाकायचा कागद असूच शकत नाही. कागद गावाकडं आहे, आणि गाव तो बाहेर काढत नाही.

तेव्हा येत्या ग्रामसभेत एक ठराव घ्या. टाकवे बुद्रुकच्या हद्दीतल्या सर्व ओढ्यांची गावनकाशाप्रमाणे शासकीय मोजणी व्हावी, दोन्ही काठांना हद्दीचे दगड रोवावेत, खर्च वित्त आयोगाच्या निधीतून बसत नसेल तर कंपन्यांच्या सीएसआरमधून मागावा. मोजणीत जी मोरी ओढ्यापेक्षा अरुंद निघेल तिची यादी बांधकाम खात्याला द्यावी, आणि नळ्यांच्या जागी ओढ्याच्या पूर्ण रुंदीचा स्लॅबचा पूल मागावा. निळ्या रेषेतल्या खोलगट जमिनीवर गावाचं मैदान म्हणून आरक्षण मागावं, ज्याची खासगी जमीन त्यात जाईल त्याला रोख किंवा टीडीआर, म्हणजे दुसरीकडं बांधकामाचा हक्क, मिळावा. जो शेतकरी उतारावरचं खाचर राखतो, प्लॉट पाडत नाही, त्याला घरपट्टीत सूट मिळावी, असंही मागावं.

ठरावाची प्रत वडगावला भूमी अभिलेखच्या उपअधीक्षकांकडं द्या, दुसरी तहसीलदारांकडं, तिसरी पीएमआरडीएकडं, आणि तिन्हींवर आवक क्रमांक घ्या. मोजणीला पाऊस ओसरून झाडोरा वाळल्यावर सुरुवात व्हायला हवी, म्हणजे दगड रोवायला अख्खा उन्हाळा मिळेल. मोजणीदार येईल त्या दिवशी काठावर गावकरी हवेत. निदान पन्नास जण.